चाचेकथा लिहायची तर आधी परवाना लिहा

चाचेकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा कप्तानापासून सुरुवात करतो. डोळ्यावर पट्टी, गालावर वण, कमरेला तलवार. अवकाशकथा असली तर तलवारीच्या जागी किरणांची बंदूक. पाच-सहा पानं झकास जातात आणि मग गाडं रुततं. हा माणूस कुणाचा, कोणता माल, नेमका कुठे अडवणार, हे ठरलेलंच नसतं. मग लेखक मारामारी वाढवतो आणि कथा आणखी खोल रुतते.

यावरचा उपाय गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला लांब शोधावा लागत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी या समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, जहाज केवढं, हत्यारं किती, कुठून निघून कुठे जाणार, असा सगळा तपशील त्या कागदावर असे. मिरी, घोडे असा माल नेण्याला मनाई असे आणि वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. कागद नसला किंवा कागदाबाहेरचं काही सापडलं, की जहाज मालासकट जप्त. ज्या पाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या लोक बिनघोर ये-जा करत होते, तिथे कागद नसलेला व्यापारी गुन्हेगार ठरला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली दस्तकं घ्यायला लावली. आपल्याकडे ते सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, इंग्रजांच्या कागदपत्रांत चाचे. होन्नावरचा तिमोजी असाच जहाजं अडवणारा. त्याने १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कला गोव्यावर चालून यायला मदत केली आणि मानाची जागा मिळवली. कालिकतचा राजा सामुतिरी, त्याचा दर्यासारंग चौथा कुंजाली मरक्कार पोर्तुगिजांना आडवा गेला. शरण आल्यावर त्याला गोव्यात आणून १६०० मध्ये ठार केलं. धंदा एकच, निकाल दोन.

चाचा कोण, हे परवाना देणारा ठरवतो. विज्ञानकथा असो वा अद्भुतकथा, चाचेकथेचा पाया हाच. म्हणून पहिलं काम कप्तान रंगवण्याचं नाही, परवाना लिहिण्याचं.

परवाना कसा लिहायचा

कोरा कागद घ्या आणि तुमच्या जगातला परवाना खरोखर लिहून काढा, साठ ते ऐंशी शब्दांत. तो कथेत जसाच्या तसा येईलच असं नाही, पण लिहायचाच. त्यात पाच गोष्टी हव्यात: देणारा कोण, घेणाऱ्याने काय मोजायचं, वाट कुठून कुठे, कोणत्या वस्तूला मनाई, आणि नियम मोडला तर काय. एक नमुना पाहा:

‘चंद्रकक्षेतल्या जकात ठाण्यावरून सुटणाऱ्या मालवाहू यान शांतादुर्गा यास मंगळकक्षेपर्यंत जाण्यास मुभा. माल: पाणी, चारशे टन. माणसं तीन. शस्त्र नाही. झेनॉन वायू नेण्यास सक्त मनाई. वाटेत मार्ग बदलल्यास यान व माल ठाण्याच्या मालकीचा होईल. जकात: पाण्याचा दहावा हिस्सा, निघण्यापूर्वी.’

यात बंदीच्या ओळीकडे लक्ष द्या. झेनॉनच का? विद्युत इंजिनांना तो इंधन म्हणून लागतो. ज्याच्याकडे झेनॉन, त्याला ठाण्याला न विचारता वाट बदलता येते. म्हणजे बंदी सुरक्षेसाठी नाही, मक्तेदारीसाठी आहे. आता पाण्याच्या टाकीमागे झेनॉनच्या तीन बाटल्या लपवा आणि त्या कुणी लपवल्या हे तिघांपैकी दोघांना माहीत नाही असं ठरवा. एका ओळीतून गुन्हा, हेतू आणि संशय तिन्ही मिळाले. बंदीच्या वस्तूमागचं खरं कारण सापडलं नसेल तर परवाना पुन्हा लिहा. याच जागी सगळ्यात जास्त कथा कच्च्या राहतात.

कायद्याचा एक बारकावाही उपयोगी आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याप्रमाणे चाचेगिरी ठरायला साधारणपणे दोन जहाजं लागतात, कृत्य खासगी हेतूने केलेलं असावं लागतं आणि ते खुल्या समुद्रात घडावं लागतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत घडलं तर तो त्या देशाच्या कायद्याखालचा दरोडा. स्वतःच्याच जहाजावर खलाशी उठले तर ते बंड. अवकाशात १९६७ चा करार सांगतो की यानावर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार राहतो, पण चंद्रावर किंवा ग्रहावर कुणा देशाला मालकी सांगता येत नाही. मग एका देशाच्या यानाला दुसऱ्या देशाच्या यानाने चंद्राच्या पृष्ठभागावर अडवलं, तर न्याय कोण करणार? असा फटीतला प्रश्न हाती लागला की कथेचा शेवट शोधायला फार फिरावं लागत नाही.

वारा, भरती आणि वाट

समुद्रातल्या चाच्याला सगळा समुद्र मोकळा नसतो. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या चार महिन्यांत शिडाची वाहतूक जवळजवळ बंद पडे. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तो त्या दिवसांत ओलांडता येत नसे. मोठी जहाजं मुरगावच्या आसऱ्याला जात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा उघडतो. याचा अर्थ लुटीचाही हंगाम असतो. वर्षभर रोज लूटमार चाललेली दाखवली की वाचक ओळखतो, लेखकाने समुद्र पाहिलेला नाही.

दिवसाचंही वेळापत्रक असतं. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा वाहतो, रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई. शिडाचं जहाज बंदराबाहेर पडायचं तर पहाटेच्या मतलईवर, आत यायचं तर दुपारनंतर. म्हणून दबा धरून बसणारा पहाटेच्या अंधारात मुखाबाहेर थांबेल. ‘मध्यरात्री वादळात धाड’ वाचायला थरारक वाटतं, पण वादळात दोन जहाजं एकमेकांना बांधायला गेली तर दोन्ही फुटतील.

भरतीसाठी कोकणपट्टीतला जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती साधारण सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला सव्वाअकरा. स्थळाप्रमाणे थोडा फरक पडतो, कथेला एवढी अचूकता पुरते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात; जुन्या काळातली कथा असेल तर घटकेच्या मापाने ३१ घटका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार. उथळ बुडाचं गलबत उधाणात खाडीत शिरलं आणि ओहोटी लागली, की पाठलाग करणारं जड जहाज बाहेरच अडकतं. ही युक्ती शंभरदा वापरली तरी जुनी होत नाही, कारण प्रत्येक वेळी घड्याळ वेगळं असतं.

अवकाशात हाच पावसाळा शोधा, तो तिथेही आहे. पृथ्वीवरून मंगळाकडे कमी इंधनात जायची संधी साधारण २६ महिन्यांनी येते आणि प्रवासाला साडेआठ महिने लागतात. सगळी मालवाहू यानं त्याच काही आठवड्यांत सुटणार, त्याच वाटेने जाणार, त्याच सुमारास पोचणार. चाच्याला वेळही माहीत आणि वाटही माहीत. मधल्या दोन वर्षांत काय? ठाण्यांवर उधारी चढते, सुटे भाग संपतात, माणसं हमरीतुमरीवर येतात. ही मंदी दाखवली तर धाड पडते तेव्हा ती का पडली ते सांगावं लागत नाही.

जहाज: खऱ्या मापांनी

अद्भुतकथेत बहुतेक जण युरोपी गलेऑन आणतात. आपल्या किनाऱ्याची जहाजं कथेला जास्त कामाची आहेत. गुराब हे मोठं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, साधारण दीडशे ते तीनशे टनांचं. गलबत लहान, सत्तर टनांच्या आतबाहेर, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की मोठं व्यापारी जहाज जागच्या जागी लोंबकळतं आणि वल्ह्यांची गलबतं त्याच्या पिछाडीला येऊन भिडतात, जिथे तोफा सगळ्यात कमी असतात. गलबतंच दोर लावून गुराब ओढून आणतात. म्हणजे चाच्याचं खरं हत्यार वादळ नाही, वारा पडणं. गच्च उकाडा, शीड लोंबलेलं, पाणी तेलासारखं स्थिर, आणि लांबून वल्ह्यांचा एकसुरी आवाज जवळ येतोय. तोफेचा एकही बार न उडवता इतकी भीती दुसऱ्या कशाने वाटत नाही.

विज्ञानकथेत सगळ्यात मोठी चूक पाठलागाची होते. यानाला समुद्रासारखा पाण्याचा अडथळा नसतो, इंजिन बंद केलं तरी ते थांबत नाही. वेग बदलायचा प्रत्येक वेळी इंधन जातं आणि हिशेब निर्दय आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून निघणाऱ्या झोताचा वेग सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर. वेगात तेवढाच बदल करायचा असेल तर निघतानाच्या वजनापैकी ६३ टक्के इंधन जळतं; दुप्पट बदल हवा तर ८६ टक्के. आता चाच्याचं काम मोजा: सावजाकडे जायला एक बदल, त्याच्या वेगाशी वेग जुळवायला दुसरा, आणि लुटीचं वजन चढवून पळायला तिसरा. चारशे टन पाणी लुटून ‘सुसाट निसटणारं’ यान लिहिलंत, तर थोडंफार गणित येणारा वाचक तिथेच पान मिटतो.

लपणंही जवळजवळ अशक्य. आत माणसं जगायची तर यान उबदार ठेवावं लागतं आणि थंड काळ्या पार्श्वभूमीवर ती ऊब लांबून दिसते. इंजिन पेटलं तर विचारूच नका. मग चाचा जवळ येतो कसा? जसा समुद्रात येत असे तसा: खोट्या निशाणाने. दुरुस्ती यान म्हणून, टपाल म्हणून, त्याच ताफ्यातलं मागे पडलेलं यान म्हणून. फसवणूक ओळखीत करा, अदृश्य होण्यात नको.

अवकाशात धाड टाकायला नैसर्गिक जागा दोन. पहिली, धक्क्याला लागताना, कारण वेग जुळवायचं काम सावजानेच केलेलं असतं. दुसरी, माणूस नसलेलं मालवाहू यान, जे दुरून आज्ञा घेतं. चंद्रापर्यंत संदेशाला १.३ सेकंद लागतात, मंगळापर्यंत ग्रहांच्या अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं. मंगळाजवळच्या यानाने ‘कुणीतरी झडप उघडतंय, काय करू?’ असं पृथ्वीला विचारलं तर उत्तर यायला ४४ मिनिटंही लागतील. लुटारूंच्या हातात तेवढा वेळ आहे. ती ४४ मिनिटंच कथेची लांबी करा. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला उरलेली मिनिटं ठेवा. लघुकथेला याहून चांगली चौकट सहसा मिळत नाही.

हिस्से: जहाजावरचा वाद कुठून आणायचा

‘खलाशी नाराज होते’ असं लिहून भागत नाही. वाटणीचा तक्ता करा. अठराव्या शतकात बार्थोलोम्यू रॉबर्ट्‌स या चाच्याच्या जहाजावरच्या लेखी करारात कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन-दोन हिस्से होते, तोफखान्याच्या व डेकच्या प्रमुखांना दीड, बाकी अधिकाऱ्यांना सव्वा आणि सामान्य खलाशाला एक. अवयव गमावणाऱ्याला सामायिक रकमेतून आठशे नाणी. हेच तुमच्या जहाजाला लावून बघा.

बावीस माणसं धरा: दोघं दोन हिश्श्यांचे, तिघं दीडचे, दोघं सव्वाचे, पंधरा एकाचे. बेरीज २६ हिस्से. लूट २,६०० नाणी, म्हणजे हिश्श्याला शंभर. आता एका खलाशाचा पाय गेला. आधी आठशे बाजूला काढले, उरले १,८००, हिश्श्याला जेमतेम ६९. प्रत्येक साध्या खलाशाच्या खिशातून ३१ नाणी त्या पायासाठी गेली. कुणी चकार शब्द काढणार नाही, कारण उद्या पाय आपलाही जाऊ शकतो. पण रात्री कुणीतरी हळूच विचारेल, पाय खरंच कापायला हवा होता का? वैद्याचा हिस्सा किती आणि त्याला कुणी काही दिलं होतं का? त्या रात्रीच्या कुजबुजीत लढाईपेक्षा जास्त कथा आहे. पुरलेला खजिना आणि नकाशा सोडून द्या. चाच्यांचा पैसा बहुतेक बंदरात उतरताच उडे, आणि लुटीतही सोन्याच्या पेट्यांपेक्षा कापड, साखर, दोर, औषधं अशा वस्तू जास्त असत.

अद्भुत घटक: त्यालाही जकात लावा

अद्भुत चाचेकथेत जादू मोफत असेल तर व्यापार कोसळतो आणि त्याच्याबरोबर चाचाही. ज्याला वारा फुंकून जहाज हलवता येतं, त्याला लुटायची गरज काय? म्हणून जादूची किंमत ठरवा आणि ती परवान्यात बसवा.

गोव्यात यासाठी साहित्य घरचंच आहे. गावाची सीमा राखणारा राखणदार, देवचार. बेताळाला वहाणा अर्पण करायची रीत आणि रात्रभर गावाभोवती फिरून त्या झिजतात ही समजूत. यावरून एक मांडणी करू. तेरेखोलसारख्या एखाद्या खाडीला राखणदार आहे. शिरणाऱ्या जहाजाने नवी वहाण दिली तर तो वाळूचा दांडा हातभर सरकवतो. एक जोड एका भरतीला पुरतो, पुढच्या भरतीला झिजलेला सापडतो. दिवसाला दोन जोड, महिन्याला साठ. नव्या राजवटीने फर्मान काढलं: खाडीत वहाणा सोडणं हा गुन्हा, दांडा ओलांडायचा तर सरकारी वाटाड्या घ्या आणि जकात भरा. आता चामड्याच्या वहाणा चोरटा माल झाल्या. चाच्याच्या जहाजावरचा सगळ्यात मोलाचा माणूस तोफखान्याचा प्रमुख नाही, चांभार आहे. तो एका रात्रीत दोनच जोड शिवू शकतो आणि त्याचा हात दुखावला आहे. वाचकाला आणखी काही समजावायची गरज उरत नाही.

इथे एक काळजी मनापासून घ्या. राखणदार हा आजही लोक ज्याच्यापुढे हात जोडतात असा आहे. त्याला लाल डोळ्यांचा राक्षस करू नका. तो करार पाळणारा आहे, करार मोडतो तो माणूस. असं लिहिलं तर गावातला वाचकही ती कथा आपली म्हणेल.

पूर्वी वापरली न गेलेली गोष्ट हवी असेल तर वीरगळांकडे जा. कदंबांच्या काळातले नौकायुद्ध कोरलेले वीरगळ गोव्यात सापडले आहेत. कुणाच्या तरी मरणाची ती दगडातली नोंद आहे, नाव पुसलेलं. अशा दगडावरच्या जहाजात माणसं किती, वल्ही किती हे मोजायला गेलेलं पात्र घेऊन अख्खी कथा उभी राहते.

आखणी आणि भाषा

पहिल्या प्रयत्नाला तीन हजार शब्द पुरेत. त्यात चार पात्रांहून जास्त नावं देऊ नका. बाकीचे ‘तांडेल’, ‘सुकाण्या’, ‘पोरगा’ असे हुद्द्याने. पहिले तीनशे शब्द: माल, वाट आणि बंदीची वस्तू. पुढचे सातशे: गाठ पडणं आणि फसवणूक. नऊशे शब्द धाडीला, पण त्यातला निम्मा भाग वाट पाहण्याला द्या. सातशे वाटणीला आणि तिथे फुटणाऱ्या गोष्टीला. उरलेले चारशे शेवटाला, जिथे परवाना पुन्हा दिसायला हवा: फाटलेला, बनावट, किंवा ज्याने आयुष्यभर तो नाकारला त्याच्याच सहीचा. धाडीलाच दोन हजार शब्द दिले की वाटणी दोन ओळींत उरकावी लागते आणि कथा अर्धवट सुटते. हे फार वेळा होतं.

संवादात हुकूम दोन-तीन शब्दांचे ठेवा: ‘शीड उतरव’, ‘वल्ही आत’, ‘नांगर तोड’. धावपळीत कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही. गोव्यातली पात्रं आपसात कोंकणी बोलतील, तर ती सलग पानभर लिहिण्यापेक्षा शिवी, हाक आणि जेवण एवढं कोंकणीत ठेवा. वाचकाच्या कानाला तेवढं पुरतं. कप्तानाला सगळे ‘कप्तान’ म्हणणार नाहीत. म्हातारा तांडेल त्याला ‘बाबू’ म्हणेल आणि चारचौघांत तसं म्हणाला तर काय होतं, हा एक प्रसंग आहे. अवकाशातल्या जहाजावरही सारंग आणि तांडेल चालतात. ‘शील्ड’, ‘हायपरड्राइव्ह’ अशा आयात शब्दांपेक्षा ते जास्त खरे वाटतात.

खर्डा झाला की आठवडाभर बाजूला ठेवा, मग पेन्सिल घेऊन फक्त हिशेब तपासा. तिथी लिहिली असेल तर भरतीची वेळ जुळते का? जहाज बाहेर पडलं तेव्हा मतलई होती का? संदेश गेला आणि उत्तर आलं, मधली मिनिटं बरोबर आहेत का? वाटणीची बेरीज लुटीएवढी होते का? जुन्या काळातली कथा असेल तर पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दुपार काढा आणि जहाजांची, मालाची, नाण्यांची नावं तिथल्या पुस्तकांशी ताडून पाहा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. तेव्हा परवाना मार्चमध्ये लिहा, खर्डा एप्रिलात पुरा करा, आणि मे महिन्यात एकदा पहाटे बेतूलच्या किंवा शापोराच्या जेटीवर जाऊन उभे राहा. १ जूनला मासेमारीबंदी लागायच्या आधी होड्या मतलईवर कशा बाहेर पडतात, दोर सोडताना कोण कुणाला काय हाक मारतं, ते टिपून आणा. पहिल्या पानावरचे तीनशे शब्द त्यानंतर पुन्हा लिहायला घ्या.